काठी टाकली, दोरी धरली

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



कार्तिक महिना सुरू आहे. दिवाळीला गावी गेलेली मंडळी जळगाव, धुळे, नंदुरबारहून परत आली. लूम्स सुरू झाले, मार्केट उघडलं, शाळा भरल्या. लिंबायत, डिंडोली, गोडादरा, उधना अशा सगळ्या भागांतल्या कुटुंबांच्या ग्रुपवर हा संदेश जातो, म्हणून या वेळी विषयही घरातलाच घेतला आहे. आपली वयात आलेली मुलं. उलट बोलणारी, खोटं सांगणारी, फोन हातातून न सोडणारी, ट्युशनच्या नावाखाली पानाच्या गल्ल्यावर उभी राहणारी. "पोऱ्या हातातून गेला" असं ज्यांच्याबद्दल आपण हळू आवाजात बोलतो, ती.

एक विनंती. हा संदेश घरात सगळ्यांनी एकत्र बसून वाचावा. मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवून वाचू नये.

*आधी आमची चूक*

गेल्या वर्षी चातुर्मासात आपल्या काही बहिणी केंद्रात येऊन रडल्या. मुलं ऐकत नाहीत म्हणाल्या. आम्ही सेवेकरी बहिणींनी ठरवलं की अशा मुलांसाठी दर शनिवारी वेगळा वर्ग घ्यायचा. अकरा मुलं जमली. एका खोलीत बसवली. कर्माची फळं सांगितली, नरकाचं वर्णन केलं, व्यसनानं तोंड सडलेल्या माणसांचे व्हिडिओ दाखवले. मनात भाव चांगला होता. सेवा करतोय असंच वाटत होतं.

दोन महिन्यांनी कळलं की जो मुलगा फक्त ट्युशन बुडवायचा, तो आता मावा खायला लागला आहे. कुठं शिकलास, म्हणून विचारलं. म्हणाला, "शनिवारच्या वर्गातल्या दादानं दिला." दुसरा एक म्हणाला, "काकू, इथं यायला लागल्यापासून सगळे मला वाया गेलेलाच समजतात." आमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्याहून मोठी चूक पुढे झाली. नववीतला एक मुलगा. आई घरी साड्यांना स्टोन चिकटवते, वडील लूम्सवर बारा तासांची पाळी करतात. आईनं डाळीच्या डब्यात ठेवलेले पैसे मुलानं मोबाइलच्या गेमवर उडवले. वडील आम्हाला विचारायला आले. आम्ही सांगितलं, "थोडा धाक दाखवा भाऊ, त्याशिवाय सुधारत नाहीत." वडिलांनी पट्टा काढला. रात्री मुलगा घरातून निघून गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उधना स्टेशनच्या बाकावर सापडला. मधल्या त्या तासांत त्या माऊलीनं काय सोसलं असेल ते लिहवत नाही. पट्टा वडिलांच्या हातात होता, पण सल्ला आमचा होता.

त्यानंतर आम्ही ठरवलं की आधी शिकायचं आणि मग सांगायचं. आमच्यातल्या एकीनं कॉलेजात मानसशास्त्र घेतलं होतं. तिनं तीस वर्षांनी पुन्हा पुस्तकं उघडली. जे वाचलं ते दर बुधवारी आम्ही एकमेकींना समजावून सांगितलं. वाचता वाचता सारखी एकच कथा आठवत राहिली. या दामोदर महिन्याचीच कथा.

*यशोदामाई आणि दोन बोटं*

ही भागवतातली कथा आपल्या सगळ्यांना माहीत आहे, तरी आज नीट बघू या. यशोदा दही घुसळत होती. बाळकृष्ण येऊन बिलगला, दूध पिऊ लागला. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जाऊ लागलं. आईनं त्याला खाली ठेवलं आणि ती धावली. बाळाचं पोट भरलं नव्हतं. त्याला राग आला, त्यानं दह्याचं मडकं फोडलं. उखळावर चढून लोणी खाल्लं, माकडांना वाटलं.

आईनं येऊन बघितलं. हातात काठी घेतली. तो पळाला, ही मागे. शेवटी पकडला. डोळे चोळून चोळून काजळ गालभर पसरलेलं, अंग भीतीनं थरथरतंय. आणि इथं ती माऊली काय करते? बाळ घाबरलंय हे दिसताच *काठी टाकून देते.* पण मुलाला मोकळं सोडत नाही. दोरी आणते, उखळाला बांधायला लागते.

दोरी दोन बोटं कमी पडते. दुसरी जोडली, तरी दोन बोटं कमी. घरातल्या सगळ्या दोऱ्या जोडल्या, तरी दोनच बोटं कमी. घामाघूम झाली, केसांतली फुलं गळली. तिचे ते श्रम बघून देव स्वतःच बांधून घेतो. जाणती मंडळी सांगतात, एक बोट भक्ताच्या प्रयत्नाचं आणि एक बोट देवाच्या कृपेचं. दोन्ही झाली की गाठ बसते.

आम्ही आजवर ही कथा भक्तीची म्हणून ऐकली. आता आई म्हणून ऐकली आणि त्यातल्या चार गोष्टी दिसल्या.

*पहिली गोष्ट: खोडी कुठून सुरू झाली ते बघा*

मडकं फुटलं ते आई मध्येच उठून गेली म्हणून. यात आईचा दोष आहे का? अजिबात नाही. दूध उतू जात होतं, तिला जावंच लागलं. आपल्याकडेही बाप पाळीवर, आई स्टोन चिकटवण्यात. पोट भरायचं तर जावंच लागतं. पण खोडीमागे काहीतरी राहून गेलेलं असतं, एवढं ध्यानात ठेवावं.

न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन नावाचं शहर आहे. तिथं १९७२-७३ साली जन्मलेल्या एक हजारावर मुलांना संशोधकांनी लहानपणापासून पुढं कित्येक दशकं पाहिलं. त्या अभ्यासातल्या टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये सांगितलं की वाईट वागणारी मुलं सगळी एका जातीची नसतात. बरीच मुलं फक्त वयात येताना बिघडल्यासारखी वागतात. मोठ्यांसारखं व्हायची घाई, मित्रांचं बघून करणं. वय सरलं की बहुतेक जण सावरतात. थोडी मुलं मात्र अशी असतात की ज्यांचा त्रास अगदी लहानपणीच सुरू होतो आणि वेळेवर आधार मिळाला नाही तर पुढं चालू राहतो.

यातून दोन शिकवणी मिळतात. पंधराव्या वर्षी एकदा मावा खाल्लेल्या मुलावर जन्मभराचा शिक्का मारू नका. आणि चार-पाच वर्षांचं लेकरू सारखं मारत असेल, चावत असेल, कुठंच स्थिरावत नसेल, तर "मोठा झाला की शहाणा होईल" म्हणून थांबू नका. त्याला शिक्षेची नाही, लवकर मदतीची गरज आहे. याच अभ्यासात २०११ मध्ये दिसलं की लहानपणी ज्यांना स्वतःला आवरता येत होतं, त्यांचं मोठेपणी आरोग्य, पैसा, वागणूक एकंदरीत चांगली राहिली. आपल्याकडे संयम म्हणतात तो हाच. तो रोज थोडा थोडा शिकवावा लागतो.

*दुसरी गोष्ट: काठी टाका*

अमेरिकेत १९७० च्या दशकात बिघडलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून घाबरवण्याचा कार्यक्रम फार गाजला. त्यावर सिनेमा निघाला. लोकांना वाटलं, बरं झालं, आता ही सुधारतील. पुढं वेगवेगळ्या ठिकाणचे असे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की घाबरवलेल्या मुलांनी, काहीच न केलेल्या मुलांपेक्षा *जास्त* गुन्हे केले. आम्ही शनिवारी दाखवत होतो ते व्हिडिओ आठवले आणि मान खाली गेली.

अमेरिकेतलाच दुसरा अभ्यास वाचताना तर आम्ही आमचीच गोष्ट वाचतोय असं वाटलं. बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ मध्ये काम सुरू झालं. एकूण ५०६ मुलगे. निम्म्यांना वर्षानुवर्षं समुपदेशक, शिकवणी, औषधपाणी, सुट्टीची शिबिरं असं सगळं मिळालं. निम्म्यांना नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्यांचा शोध घेतला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना मदत मिळाली त्यांतले कित्येक जण म्हणाले की आमचं भलं झालं. पण प्रत्यक्षात त्यांची स्थिती इतरांपेक्षा बरी नव्हती, काही बाबतींत वाईटच होती. पुढच्या तपासणीत दिसलं की जी मुलं पुन्हा पुन्हा शिबिरांना गेली त्यांचं जास्त बिघडलं. एकमेकांसमोर फुशारकी मारत ती एकमेकांकडून शिकली.

म्हणजे भाव चांगला असला तरी फळ चांगलं येईलच असं नाही. सेवा करणाऱ्यानंही आपल्या सेवेचं फळ तपासून बघितलं पाहिजे. आमचा शनिवारचा तो वर्ग आम्ही बंद केला आहे.

*तिसरी गोष्ट: पण दोरी सोडू नका*

काठी टाकायची म्हणजे मोकाट सोडायचं असा अर्थ कुणी घेऊ नये. यशोदेनं तसं केलं नाही.

अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत निरीक्षक पाठवले आणि आई-मुलांचं बोलणं नोंदवून घेतलं. त्यांना जे दिसलं ते आपल्या घरात रोज दिसतं. आई म्हणते, फोन ठेव. मुलगा तोंड वाकडं करतो. आई आवाज चढवते. मुलगा त्याहून चढवतो, वस्तू आपटतो. आई थकलेली, स्वयंपाक राहिलेला, शेजारीपाजारी ऐकतायत. ती म्हणते, "घे बाबा, मर त्या फोनमध्ये." घर शांत होतं. मुलगा काय शिकला? ओरडलं की मिळतं. आई काय शिकली? देऊन टाकलं की शांतता मिळते. दुसऱ्या दिवशी दोघं एक पायरी आणखी वर. मुलगा ही रीत मग शाळेत नेतो, तिथं चांगले मित्र तुटतात आणि त्याच्यासारख्यांचीच सोबत उरते.

पॅटरसन यांनी आई-बापांना शिकवलं की नियम थोडे ठेवा, पण ठेवले ते पाळा. ओरडून नाही, शांतपणे. शिक्षा छोटी, पण सांगितली तशीच. आणि मुलगा काही बरं करताना दिसला की लगेच बोलून दाखवा. आपण चूक शंभर वेळा बोलतो, बरं केलेलं गिळून टाकतो. ती गिळलेली शाबासकी म्हणजेच आपल्या दोरीची कमी पडणारी बोटं.

या बाबतीत आपल्या खानदेशालाही आठवण आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथलं वसतिगृहही सांभाळत. मुलांच्या खोल्या ते स्वतः आवरायचे, आजारी मुलाजवळ बसायचे, मुलांसाठी वसतिगृहाचं दैनिक हातानं लिहायचे. आपली खोली गुरुजींनी झाडलेली पाहून मुलगा काय शिकला असेल? त्या झाडूत जेवढी शिस्त होती तेवढी शंभर छड्यांत नसेल.

*चौथी गोष्ट: गोकुळ लागतं*

यशोदेच्या दोरीला गोपी मदत करायला धावल्या, असं कथा सांगणारे सांगतात. एकट्या आईला दोरी पुरत नाही.

याचं मोठं उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्याचं आहे. १९९६ साली तिथं डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 'संगाथ' ही संस्था सुरू केली. मनाच्या आजारांसाठी गावोगावी डॉक्टर पुरणार नाहीत, तेव्हा साध्या माणसांना नीट प्रशिक्षण देऊन तयार करायचं, हा त्यांचा विचार. याच संस्थेनं बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांत 'सेहर' नावाचा प्रयोग केला. नववीची मुलं-मुली. काही शाळांत बाहेरून नेमलेली, प्रशिक्षण दिलेली साधी व्यक्ती 'सेहर मित्र' म्हणून काम करायची. काही शाळांत तेच काम शाळेतल्या शिक्षकाकडे दिलं. उरलेल्या शाळांत फक्त नेहमीचे जीवनकौशल्याचे तास.

सेहर मित्र काय करायचे? भित्तिपत्रक, मुलांच्या तक्रारींची पेटी, परिपाठात चर्चा, स्पर्धा, मुलांचे गट, दादागिरीविरुद्ध नियम, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्यानं बोलणं. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. सेहर मित्र असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, उदासी कमी झाली, दादागिरी आणि मारामारी कमी झाली. तेच काम शिक्षकांकडे होतं तिथं मात्र फरक दिसला नाही. शिक्षक वाईट होते असं नाही. आम्हाला वाटतं, जो मार्क देतो आणि शिक्षाही करतो, त्याच्याजवळ मन मोकळं करणं मुलांना अवघड जात असावं.

हे वाचून आम्हाला धीर आला. मोठ्या पदव्या नसलेली साधी माणसंसुद्धा शिकून घेतलं तर मुलांच्या कामी येऊ शकतात. प्रत्येक मुलाला घराबाहेरचं एक असं माणूस हवं, जे ऐकतं आणि शिक्का मारत नाही. मामा असेल, आत्या असेल, आपल्या केंद्रातला एखादा काका असेल.

*पुढची कथा*

बांधलेला बाळकृष्ण उखळ ओढत दोन अर्जुनवृक्षांमधून गेला आणि ती झाडं कोसळली. ती झाडं कोण होती? कुबेराची तरुण मुलं, नलकूबर आणि मणिग्रीव. बापाचा पैसा, दारूचा कैफ, समोर नारदमुनी आले तरी लाज नाही. नारदांनी त्यांना झाडं होण्याचा शाप दिला, पण शापातच सुटकेची वाटही ठेवली. बिघडलेल्या तरुणांची सुटका कशानं झाली? आईनं प्रेमानं बांधलेल्या एका लेकराकडून. सुरतेत पैसा लवकर येतो, गाडी लवकर येते, नशाही लवकर येते. तेव्हा हे विसरू नका की नारदांनीसुद्धा त्या मुलांना कायमचं टाकून दिलं नव्हतं.

*या महिन्याचा नियम*

सद्गुरूंच्या चरणी आपण सगळे मिळून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत एवढं करू या.

१. रोज दहा मिनिटं मुलाजवळ बसायचं. अभ्यास, मार्क, फोन यांतलं काही काढायचं नाही. तो बोलेल ते ऐकायचं. गप्प राहिला तर गप्प बसायचं.

२. घरात तीनच नियम ठरवायचे, मुलांना विचारून. उदाहरणार्थ, जेवताना कुणाचाच फोन नाही. बाबांचाही नाही.

३. रोज एक तरी बरी गोष्ट मुलाच्या तोंडावर बोलून दाखवायची.

४. हात उचलायचा नाही. राग आला तर देवापुढं जाऊन अकरा वेळा नाम घ्यायचं, मग बोलायचं.

५. कुणाच्याही मुलाबद्दल "वाया गेला" हा शब्द आपल्या ग्रुपवर, केंद्रात, जिन्यात बोलायचा नाही.

आणि जप-पारायण चालू ठेवून एक गोष्ट लाज न बाळगता करायची. मुलगा स्वतःला इजा करतो, जगायचं नाही म्हणतो, नशा सुटत नाही, किंवा लहान मूल सतत हिंसक वागतं, तर मानसोपचार तज्ज्ञांकडे न्यायचं. सरकारी रुग्णालयात हा विभाग असतो. टेली-मानसचा नंबर १४४१६ आहे, मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर १०९८. दोन्ही मोफत आहेत. वैद्याकडे जाणं म्हणजे गुरूंवर अविश्वास नाही. कृपेचं एक बोट कधी कधी डॉक्टरांच्या हातून येतं.

*तो मुलगा*

शेवटी त्या नववीतल्या मुलाबद्दल, कारण बऱ्याच बहिणी विचारतात. त्याच्या आई-वडिलांच्या आणि त्याच्याही परवानगीनं लिहितो आहोत. आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि त्या वडिलांची हात जोडून माफी मागितली. मुलाचीही मागितली. तो काही बोलला नाही. आता गुरुवारी आरतीला येतो, मोठ्या काकांबरोबर चपलांच्या सेवेला उभा राहतो. गेम पूर्ण सुटला असं सांगता येणार नाही. मधे एकदा शाळाही बुडवली. पण वडील रात्रपाळीहून आले की दोघं जिन्यात बसून चहा पितात. त्याची आई सांगत होती, परवा त्यानं स्वतःहून डाळीच्या डब्यात पन्नास रुपये ठेवले. कुठून आणले, तिनं विचारलं. शेजारच्या दुकानात रविवारी साड्या घड्या घालून दिल्या म्हणाला.

अजून दोन बोटं कमी आहेत. दोरी मात्र सुटलेली नाही.

ज्या घरात आज अशी काळजी आहे, तिथल्या आई-बाबांनी आम्हाला जरूर कळवावं. बुधवारी दुपारी तीन वाजता आम्ही केंद्रात असतो. या वेळी आम्ही आधी ऐकू.

सद्गुरू सर्वांच्या लेकरांना सांभाळोत, आणि आपल्याला त्यांना सांभाळायची बुद्धी देवोत.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏

– आपल्या सेवेकरी बहिणी, सुरत